शिफारसपत्र

१९५६ साली वर्ध्याच्या वामनने अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाकडे अर्ज केला. अर्जासोबत प्राध्यापकांचं शिफारसपत्र हवं होतं, म्हणून तो घाटे सरांच्या घरी गेला.

सर सुपारी कातरत म्हणाले, "मले कुठं सवड आहे बाप्पा? सगळी पोरं आपलं आपणच लिहून आणतात. तूही आणजो, मी सही करून देतो."

वामनने आठ दिवस डिक्शनरी उशाशी घेऊन स्वतःबद्दल दोन पानं लिहिली. स्वतःची तारीफ करायची लाज वाटली, म्हणून चार दोषही प्रामाणिकपणे घातले. सरांनी न वाचताच सही ठोकली.

चार महिन्यांनी उत्तर आलं, तेही सरांच्या नावावर. सरांनी ते वामनच्या हातात दिलं. "अक्षर बारीक आहे रे, तूच वाच."

वामनने वाचलं. त्याला प्रवेश नव्हता. मात्र विद्यार्थ्याला इतकं नेमकं ओळखणारे आणि इतकं सुरेख इंग्रजी लिहिणारे प्राध्यापक विद्यापीठाला तिथे वर्षभर शिकवायला हवे होते, जाण्यायेण्याच्या खर्चासकट.

सरांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग त्यांनी कोरा कागद वामनपुढे सरकवला.



"माझा होकार तेवढा लिहून आणजो. मी सही करून देतो."