पट्टीखालचा चेहरा

"आज पुन्हा आली होती," धर्मा तांडेल म्हणाला.

त्याच्या डोळ्यांवरची पट्टी सारखी करत मोहनाने विचारलं, "कशी दिसली आई?"

"तीन बोटं कपाळ. हनुवटीला खळी."

मोहनाच्या जन्मावेळीच आई गेली, वर्षभरात बापाचे डोळे गेले. घरात आईचा एक फोटोही नव्हता. आता औषधाच्या थेंबांतले वाढीचे रेणू पेशींवरच्या आपापल्या ग्राहींना, म्हणजे त्यांना ओळखणाऱ्या खाचांना, बिलगत होते, आणि धर्माचं दृष्टिपटल गर्भातल्यासारखं नव्याने विणलं जात होतं. असं कोवळं पटल बघायला लागण्याआधी आपलं आपणच उजळतं. त्या उजेडाच्या लाटांत धर्माला बायको दिसायची. पट्टी काढली की लाटा थांबणार, म्हणून तो दिवस ढकलत होता. आणखी उशीर झाला तर डोळे कायमचे जातील, असं डॉक्टरीणबाईंनी काल बजावलं होतं.

"तुम्ही सांगितलेलं सगळं मी वहीत लिहिलंय, बाबा. आता काढू या."

पट्टी सुटली. लाटा विरल्या. खिडकीच्या उजेडात एक तरुण मुलगी बसली होती. धर्माने तिच्या कपाळावर बोटं टेकली. जाळ्याची भोकं मोजावीत तसा दर नारळी पौर्णिमेला तो आंधळेपणी बोटांनी लेकीचा चेहरा मोजायचा, पोर किती वाढली ते कळायला.

तीन बोटं. अंगठा खाली उतरला आणि हनुवटीच्या खळीत बसला.

त्याने अंगठा तिथेच ठेवला.

"ती वही ठेव बाजूला, पोरी," तो म्हणाला. "तुझ्या आईचा चेहरा मला आठवत नाही. इतके दिवस मी तुलाच बघत होतो."