माणसाच्या रकान्यात

सुरभी वरच्या भाड्याच्या खोलीची किल्ली परत द्यायला खाली आली, तेव्हा मैत्रेयीच्या खांद्यावर बाळ पेंगत होतं आणि समोर लॅपटॉप उघडा होता.

"चालली ताई मी. बाबा बसस्टँडवर उभे हायेत. समुद्रपूरची गाडी लागली म्हणे."

"अगं, प्रोजेक्ट अर्धवट टाकून?"

"काय करू मंग? माणसाचे ते दोन प्रथिनं एकमेकाले चिकटूनच नाई राह्यले. दिवाळीपासून तेच करून राह्यली मी. सर म्हणते, डेटाबेसात चिकटते तर तुह्याच हाताले काऊन नाई चिकटत? म्हणे, असा हात कापूस वेचाले बरा." ती हसली, पण हसू काही नीट जमलं नाही.

"कोणती दोन गं?"

सुरभीनं नावं सांगितली. बाळाला थोपटणारा मैत्रेयीचा हात थांबला.

घरबसल्या तिचं कामच ते. जगभरातले शोधनिबंध वाचायचे. यीस्टमध्ये, माशीत, उंदरात, माणसात कोणतं प्रथिन कोणाला चिकटतं ते पाहायचं आणि त्या डेटाबेसात ज्याच्या-त्याच्या रकान्यात टाकायचं. ही जोडी तिनंच टाकली होती. माणसाच्या रकान्यात. बाळाचे दात येत होते तेव्हा.

तिनं एका हातानं तो निबंध उघडला. मथळ्यात माणसाचा आजार. त्या दिवशी ती तिथंच थांबली होती. आज खाली उतरत प्रयोगाच्या कृतीपर्यंत गेली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोन्ही प्रथिनं उंदराची.

मैत्रेयी गप्प बसली असती तर सुरभी त्या गाडीनं निघून गेली असती. कोणाला कळणार होतं?

"सुरभी, थांब जरा." "ती जोडी उंदराची आहे गं. माणसाची म्हणून मी टाकली. पुरतं न वाचता. माणसात ती चिकटतात, असं कोणी दाखवलेलंच नाही."

सुरभीनं द्यायला काढलेली किल्ली परत मुठीत घेतली.

"म्हंजे... मले दिसून राह्यलं होतं, तेच खरं होतं?"

"हो. मी आजच दुरुस्त करते. सरांनाही मीच सांगते. तू बोल ना मला काहीतरी. ओरड तरी."

सुरभी ओरडली नाही. तिनं फोन लावला.

"बाबा, गाडी सोडून द्या. मी नाई येत. माह्या हाताले काई झालं नाई, बाबा!" ती हसत होती आणि डोळे वाहत होते.

फोनमधून बाबांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "मंग इतके दिवस गलती कोनाची होती व?"

सुरभीनं मैत्रेयीकडं पाहिलं. मग तिच्या खांद्यावरच्या बाळाकडं. ते उठू नये म्हणून आवाज अगदी खाली आणला.

"कोनाची नाई बाबा. मशीनची."