शांत झालेला लॅपटॉप

हे गेल्यापासून त्यांचा लॅपटॉप मीच वापरायचे. तो घरघरायचा, मांडीला चटके द्यायचा. पण शेजारी कुणीतरी आहे असं वाटायचं.

लेक वैतागायची. "आई, हा लॅपटॉप आहे की पिठाची गिरणी?"

आज तिने त्यातली जुनी हार्ड डिस्क काढून बिनआवाजाची एसएसडी बसवून आणली. लॅपटॉप मुका झाला, गार पडला. मला घर खायला उठलं.

"बघ, कसं शांत वाटतंय!" म्हणत ती बाबांच्या खुर्चीत टेकली आणि दचकून उठली.

"आई, इथे आत्ता कोण बसलं होतं गं? गादी गरम आहे."

मी हात ठेवला. गादी गरम होतीच, आतून मंद घरघरतही होती.

"तू त्या स्टुलावर बस," मी म्हटलं. "आणि जरा हळू बोल."