व्हॉल्व्ह उघडण्याआधी

"पाना उचलता, की घरी जाता?" स्वानंदने पुन्हा विचारलं.

भगवानने पानाही उचलला नाही आणि तो घरीही गेला नाही. यंत्राच्या खोलीबाहेर उकिडवा बसून तो रस्त्याकडे बघत राहिला. "जनी येऊ द्या, सायेब. मंग लगेच."

जनी म्हणजे त्याची बायको. दुपारी ती डबा घेऊन यायची. पनवेलच्या खाडीकाठच्या त्या बर्फाच्या कारखान्यात भगवानची ही खोड सगळ्यांना पाठ होती. बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया गॅसचा पाइप खोलायचा म्हटलं की बायको दारात उभी पाहिजे. लाद्या ओढणारे हमाल त्याची यथेच्छ टर उडवायचे. "पोरं लग्नाला आली, तरी बायकोचं तोंड बगितल्याबिगर याचा पाना फिरत नाय!" भगवानही त्यांच्याबरोबर हसायचा.

स्वानंदला मात्र हसू येत नव्हतं. मॅनेजर म्हणून पुण्याहून येऊन त्याला जेमतेम आठवडा झाला होता. व्हॉल्व्हचं पॅकिंग बदलायला सकाळीच यंत्र बंद केलेलं. ब्याण्णव सालचा मे अंग भाजत होता, टाकीतल्या लाद्या अर्धवट गोठल्या होत्या आणि करंजा बंदरातल्या मासेमारी होड्यांसाठी बर्फ न्यायला आलेला ट्रक फाटकात हॉर्न वाजवत होता. तसं भगवानच्या कामात नाव ठेवायला जागा नव्हती. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद, मधल्या पाइपातला गॅस ओढून घेतलेला, दारं-खिडक्या सताड उघड्या, पाण्याची बादली आणि गॅसचा मुखवटा हाताशी. आणि एवढं सगळं करून हा गडी बायकोची वाट बघत बसला होता! स्वानंदचं डोकं फिरलं. जनी आली की तिच्याबरोबरच याला कायमचा घरी धाडायचा, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

जनी आली. डबा खाली ठेवून दारात उभी राहिली. नवऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. पाइपांकडे तोंड करून लांब श्वास घेतला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"पाना लावू नका. अजून हाय."

भगवान उठला. मुखवटा चढवून त्याने पाइपाच्या सांध्याला साबणाचा फेस चोपडला. फेसाला टरारून बुडबुडे आले. म्हणजे बंद पाइपात गॅस उरला होता. त्याने व्हॉल्व्ह आणखी आवळला, उरलेला गॅस पुन्हा ओढून घेतला. जनीने पुन्हा नाक वर केलं, मान डोलावली, तेव्हा कुठे पाना फिरला.

पॅकिंग बदललं. यंत्र धडधडू लागलं आणि ट्रकवाला हॉर्न सोडून चहाला गेला. स्वानंदला मात्र त्या उकाड्यात थंडी वाजल्यासारखं झालं. आपलं ऐकून भगवानने सकाळीच पाना फिरवला असता, तर सगळा गॅस त्याच्या तोंडावर आला असता.

"दादा, मी बाहेर होतो, पण सकाळपासून तुम्ही पाइपाजवळच होता," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला वास आला नाही?"

भगवानने मान खाली घातली. "माजं नाक गेलंय, सायेब. एवढी वर्सं या गॅसात काढली ना. डोळे चुरचुरल्याबिगर मला कळतच नाय."

"मग हे आम्हाला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर तुमी मला काढला असता."

मघाशी स्वानंदने तेच तर ठरवलं होतं. खोटं काय बोलला होता बिचारा?

जनीने डबा उघडून नवऱ्यापुढे सरकवला, पदर खोचला आणि हसत हसत स्वानंदसमोर उभी राहिली.

"काढा की मंग आता! पर यांचं नाक मी हाय. मला काढायचं, तर आदी कामावर घ्यायला लागंल."