लिनक्समध्ये तसं नसतं

अक्षरं मोठी करायची म्हणून मृणाल ब्राउझरची सेटिंग्ज उघडून बसली होती. खाली जाता जाता एक रिकामा चौकोन दिसला : ऑटोस्क्रोल. तिने त्यावर टिक केली, प्रुफांच्या पानावर परत आली, माउसचं चाक दाबलं आणि माउस जरासा खाली ओढला. पान आपोआप सरकू लागलं.

लग्नानंतर श्रीरंगने तिच्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स घालून दिलं, तेव्हा हेच बंद पडलं होतं. चाक फिरवून फिरवून बोट दुखतं, असं तिने सांगितलंही होतं. "लिनक्समध्ये तसं नसतं," तो मान वर न करता म्हणाला. त्याला त्यातलं कळतं, म्हणून तिने पुन्हा विचारलं नाही. बोटाला बाम चोळत राहिली.

"अरे, हे इथेच होतं की."

श्रीरंगने वाकून पाहिलं. "असेल. मी कधी बघितलं नव्हतं." आणि चहाचा कप घेऊन तो आत गेला.

पान सरकत होतं, पण मृणाल वाचत नव्हती. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी आई एकटीच गौरी बसवणार होती. मी जाऊ का, असं मृणालने विचारलं, तेव्हाही तो सहज म्हणाला होता, "सणाला सून माहेरी? आमच्याकडे तसं नसतं." तेही तिने पुन्हा विचारलं नव्हतं.

तिने फोन लावला. "आई, यंदा गौरींना मी येतेय."

आईने विचारलं, "तुमच्याकडे चालतं ते?"

"माहीत नाही," मृणाल म्हणाली. "कुणी कधी बघितलंच नाहीये."