जुळवाजुळव

सूनबाई दुसऱ्या मुलखातली, दुसऱ्या भाषेतली. दोन वर्षं ती वहीत या घराच्या भाषेचं व्याकरण घोटत होती. तोंड उघडण्याआधी मनातल्या मनात कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी बसवायची, लिंग-वचन तपासायची. तोवर घरातला विषय भाजीवरून हवेवर गेलेला असायचा. मग ती नुसतीच हसायची. सासूबाईही तिच्याशी पाहुणीशी बोलावं तसं जपून, एकेक शब्द सुटा करून बोलायच्या.

त्या दिवशी सासूबाई स्टुलावर चढून पंखा पुसत होत्या. स्टूल डगमगलं. सूनबाईने धावत येऊन ते घट्ट धरलं आणि ती कडाडली, "उतरा आधी! डॉक्टर नको बोलला ना? तुमची गुडघा काय लोखंडाची आहे? कोणाचं ऐकायचं म्हणून नाही!"

सासूबाई उतरल्या आणि तडक आत गेल्या. सूनबाईने जीभ चावली. सासूवर ओरडले, आणि तेही सगळं चुकीचं! माफीचं तरी वाक्य नीट असावं म्हणून ती मनात शब्द जुळवू लागली.

तोवर आतून सासूबाईंचा फोनवरचा आवाज आला, "अगं ताई, आमची सून बोलायला लागली! आणि सांगते काय, पहिल्याच वाक्यात मला झापलं!"