पोळीचा नवस

संग्रामपूरकडच्या एका गावात हरिनाम सप्ताह होता आणि कीर्तनकार महाराजांना जेवू घालायचा मान यंदा अंबूबाईला मिळाला. महाराजांच्या ताटात पुरणपोळी पडली. शेजारी बसलेल्या तिच्या प्रज्वलच्या ताटात मात्र नुसतं पनीर अन् बदाम. पोरगा वजन उतरवायला पॅलिओ डाएटवर होता. गहू, ज्वारी, तांदूळ सगळं बंद.

"काऊन हो अंबूबाई, पोरगं पोळीले हातच नाही लावून राह्यलं?" महाराजांनी विचारलं.

अंबूबाईनं घाईघाईनं महाराजांच्या पोळीवर तूप वाढलं. महाराजांना वाटायचं, आपल्याच स्वयंपाकात काही खोट आहे! "नवस हाये जी त्याचा," ती बोलून गेली. "देवासाठी धान्य सोडलं त्यानं."

महाराजांनी हातातला घास खाली ठेवला आणि प्रज्वलला हात जोडले. संध्याकाळच्या कीर्तनात तर ते त्याच्या त्यागावर असे रंगले, की टाळकरीसुद्धा डोळे पुसायला लागले. आरती झाल्यावर बाया प्रज्वलच्या पाया पडू लागल्या, तसा तो घामाघूम झाला. "आई, मी खरं सांगून देतो," म्हणत तो महाराजांच्या पायाशी वाकला. "महाराज, तो नवस..."

महाराजांनी त्याला उठवून छातीशी धरलं आणि कानाशी तोंड नेलं.



"किती किलो उतरलं रे? मलेबी डॉक्टरनं पोळी बंद सांगतली, पण गावोगावी पुरणपोळीच वाढतात. तुह्या मायले विचारून सांग, नवस कोणत्या देवाचा? उद्या पुढच्या गावाले मलेबी लागन."